मुलीला काय येतं

"मुलीला काय काय येतं?" मोठ्या शाळेतल्या बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा आईनं मुलीच्या पाठीला हळूच ढोसलं. मुलगी टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

"घरी अखंड बडबड चालते हो हिची," आई म्हणाली. "परक्यांसमोर दातखीळ बसते."

बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या लिफ्टमधल्या माणसांना बाहेरून धीर देणं हे त्याचं रोजचं काम, पण या चकचकीत खोलीत त्याला एक शब्द सुचत नव्हता. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. प्रवेश देऊ म्हणाल्या, पण कच्च्या मुलांच्या तुकडीत.

फाटकाबाहेर आल्यावर आई म्हणाली, "देताहेत ना? मग घेऊन टाकू. दहावीपर्यंत बघायला नको."

"मागच्या गल्लीत ती छोटी शाळा आहे, खासगीच. नुसती बघू तर."

"अहो, चौथीपर्यंतच आहे ती. पुढे काय, पुन्हा दारोदार?"

"पाच मिनिटं गं."

ती शाळा म्हणजे एक दुमजली घर होतं. खालच्या खोलीत मुख्याध्यापिका सतरंजीवर बसून फाटक्या पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. त्यांनी आईबापांना बसायला सांगितलं आणि चिकटपट्टीचं एक टोक मुलीच्या हातात दिलं. "धर जरा घट्ट."

मुलीनं धरलं. तीन पुस्तकं होईपर्यंत कुणी काही विचारलं नाही. मग बाई कात्री चालवता चालवता म्हणाल्या, "मला ठाऊक नाही असं काहीतरी सांग ना."

आईनं डोळे मिटून घेतले. बाईंनी पुढचं कव्हर कापायला घेतलं. त्यांना काही घाई नव्हती.

"लिफ्ट रिकामी असली," मुलगी चिकटपट्टीकडे बघत म्हणाली, "की खाली यायला मोटरला जास्त जोर लागतो."

"रिकामीला? मला वाटलं भरलेलीला."

"नाही. दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाची वजनं असतात. ती रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतात. लिफ्ट खाली यायची तर ती वर ओढावी लागतात ना."

बाईंचा हात थांबला. "आणि माणसं भरली तर?"

मुलगी विचारात पडली. "मग लिफ्टच जड. मग वर जाताना जोर." जरा थांबून ती म्हणाली, "मध्ये कुठेतरी दोन्ही सारखं होत असणार. अर्धी भरली की वगैरे."

बापानं चमकून मुलीकडे पाहिलं. शनिवारी आई औषधाच्या दुकानात कामाला जायची, म्हणून तो मुलीला कामावर बरोबर न्यायचा. ती जिन्यात चित्रं काढत बसायची. वजनं जड असतात एवढं त्यानं कधीतरी सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नव्हतं. ते त्याच्या स्वतःच्या डोक्यात शिरायला उमेदवारीचं दुसरं वर्ष उजाडलं होतं, तेही उस्तादाच्या शिव्या खाऊन. आणि ही सहा वर्षांची पोर जिन्यात बसल्या बसल्या तिथवर पोचली होती, एकटी.

"हे कुणी शिकवलं तुला?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. ते तसंच असतं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी बापाकडे पाहिलं. तो खाली सतरंजीकडे बघत होता.

"वरच्या मुलांना सांगशील?" त्या उठल्या. मुलीनं त्यांचं बोट धरलं आणि मागे न बघता जिना चढून गेली.

आईनं पदरानं डोळे टिपले, मग ताठ बसली. "पाचवीचं पाचवीत बघू," ती म्हणाली. "फॉर्म कुठे मिळतो ते विचारा."

पण तो जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा होता. वरून पोरांचा गलका ऐकू येत होता. मग गलका थांबला आणि एकटा तिचाच आवाज येऊ लागला, स्पष्ट, कुणालाही न बिचकता. वर जायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. पहिल्या पायरीवर ठेवलेला पाय त्यानं हळूच मागे घेतला आणि तिथेच उभं राहून ऐकत राहिला.