टिल्लूची दाढ आणि लांबचा गडी

टिल्लूला टिल्लू का म्हणतात हे आता कोणालाच आठवत नाही. दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागते, एवढा तो उंच झाला आहे. पण घरात एकदा चिकटलेलं नाव काही केल्या निघत नाही. त्या दिवशी तो आत्याच्या दवाखान्यात शिरला तेव्हाही रिसेप्शनवरच्या काकू म्हणाल्या, "आला बघा टिल्लू. आता काय ते त्यालाच विचारा."

विचारणारे दोघे होते. शाळेच्या बसचे ड्रायव्हर आणि चित्रकलेच्या बाई. दोघंही आपापला मोबाईल पुढे करून उभे, आणि दोन्ही मोबाईलवर दवाखान्याने दिलेली वेळ एकच. आत्या दातांची डॉक्टर. खुर्ची एक, आणि तीत दोन माणसं बसवायची सोय अजून कोणी काढलेली नाही.

वेळा नोंदवण्याचा हा प्रोग्राम टिल्लूने बनवला होता. बरी चाललेली नोकरी सोडून त्याने स्वतःचा धंदा काढला आणि पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते सख्ख्या आत्याचं. तिच्या ओळखीचे दोन-तीन डॉक्टर कुंपणावर बसून बघत होते. हिच्याकडे नीट चाललं तर तेही घेणार होते. नाही चाललं, तर टिल्लूला जुन्या साहेबासमोर मान खाली घालून उभं राहावं लागणार होतं.

"महिनाभर हेच चाललंय," आत्या हातमोजे चढवत म्हणाली. "आज संध्याकाळपर्यंत सुधारलं तर ठीक. नाहीतर काकूंची डायरी परत टेबलावर."

काकूंनी डायरी कपाटातून काढून पुसूनही ठेवली होती.

"आत्ता करतो की, आत्या."

"लॅपटॉप कुठाय?"

"लागतच नाही. प्रोग्राम लांबच्या सर्व्हरवर चालतो. तिथंच माझा एआय मदतनीस बसवलाय, कोड लिहिणारा. मी इथून चॅटवर मेसेज टाकला की तो तिकडे कामाला लागतो. मोबाईलमध्ये मी त्याचं नाव गडी ठेवलंय."

"आणि तुझ्या परस्पर काही करून ठेवलं म्हणजे?"

"छे. काही बदलायचं तर आधी विचारतो. मी हो म्हटल्याशिवाय कशाला हात लावत नाही. आणि जे सापडेल ते स्पष्ट सांगायचं, माझीसुद्धा भीड धरायची नाही, अशी ताकीदच देऊन ठेवलीय मी त्याला."

हे सांगताना टिल्लूला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आत्याचं लक्ष मात्र त्याच्या गालाकडे होतं.

"गाल का सुजलाय?"

"कुठे?"

"मोबाईलवर होतं ना तुझं काम? मग खुर्चीत बसूनही होईल. चल." आणि बाहेरच्या दोघांना ती म्हणाली, "तुमचा निकाल लागेपर्यंत खुर्ची रिकामी कशाला ठेवू?"

आता इथे सांगायला हवं, की एवढा धिप्पाड टिल्लू दाताच्या खुर्चीला भयंकर भीत असे. डावीकडची अक्कलदाढ कधीपासून ठणकत होती, पण तो लवंग दाबून दिवस काढत होता. भीती वाटते हे लहान असताना सांगता येतं. आत्याच डॉक्टर असली आणि आपण धंदा करणारा माणूस झालो, की ते कोणत्या तोंडाने सांगायचं? तो मुकाट्याने जाऊन बसला. सुई हिरडीत शिरायच्या आत त्याने घाईघाईने मेसेज टाकला. "एकाच वेळेला दोन माणसं का येतात ते शोध."

"बघतो," गड्याचं उत्तर आलं.

मग आत्याने त्याच्या एका हातात लाळ ओढायची नळी दिली. दुसऱ्या हाताने त्याने खुर्ची अशी धरली, की ती सोडवायला माणूस लागला असता. मोबाईल काकूंकडे गेला.

"काही आलं तर वाचा हो," आत्या म्हणाली.

काकूंचा आवाज म्हणजे बाहेरच्या बाकावर पेंगणाऱ्यालाही उठवणारा. इतकी वर्षं पेशंटना हाका मारून तो तसाच होऊन बसलेला.

"कारण सापडलं," काकू वाचू लागल्या. "प्रोग्राममध्ये एक जास्तीचा नियम आहे. एका रुग्णाची वेळ जवळ आली, की हा नियम ती आपोआप आठवडाभर पुढे नेतो. तिथे कोणी असेल तर त्याला त्याच दिवशी एक वेळ अलीकडे सरकवतो. त्या वेळेतही कोणी असलं, की दोघं एकाच वेळेला येतात."

टिल्लूचे डोळे विस्फारले. सुईने नव्हे. त्याला आठवलं. तपासणीला ये म्हणून आत्याने त्याची वेळ नोंदवली होती. ती रद्द केली तर तिला कळलं असतं. गुपचूप पुढे सरकत राहिली तर कोण बघतंय? एका रिकाम्या संध्याकाळी त्याला ही अवदसा आठवली होती, आणि नंतर तो ते साफ विसरून गेला होता.

"आ, आ," तो म्हणाला आणि नळीने मोबाईलकडे खूण केली.

"वाचते ना, बाळा, दम धर. हा नियम एकाच रुग्णासाठी आहे." काकूंनी चष्मा वर सरकवला. "तो तुम्हीच लिहिला आहे. रुग्णही तुम्हीच आहात."

आधी बाहेर बसचे ड्रायव्हर हसले, त्यांच्यामागून चित्रकलेच्या बाई, आणि मघापासून एकमेकांकडे न बघणारी ती दोन माणसं एकाच बाकावर बसून हसू लागली. टिल्लूला वाटलं, धरणी दुभंगून खुर्चीसकट आपल्याला पोटात घेईल तर बरं. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, आणि ओरडायला तोंडही मोकळं नाही.

आत्या हसली नाही. तिने दाढ धरली, मनगट फिरवलं आणि रक्ताळलेली दाढ ताटलीत टाकली.

"झालं," ती म्हणाली. "एवढंच होतं."

टिल्लूने जिभेने चाचपून बघितलं. खरंच एवढंच होतं.

"गडी विचारतोय, नियम काढू का," काकू म्हणाल्या. "लिहू का मीच 'हो'?"

"नको. त्याचं त्याला लिहू दे."

टिल्लूने गालात कापूस दाबून मोबाईल घेतला. त्याने 'हो' लिहिलं. थोड्या वेळाने उत्तर आलं, की नियम काढला, सरकलेल्या सगळ्यांना आपापली वेळ परत दिली. ड्रायव्हरांची वेळ आत्ताची निघाली, बाईंची त्यांच्या नंतरची.

आता निकाल. टिल्लू आत्याकडे बघायला धजेना.

"भीती वाटते म्हणून सांगायचं होतंस," आत्या म्हणाली. "तुझा पहिला दुधाचा दात मीच काढला. तेव्हा माझा हात धरून बसला होतास. आता धरला असतास तर मी काय नको म्हटलं असतं?"

टिल्लूच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दाढेवर ढकलायची सोय होती, म्हणून त्याने येऊ दिलं.

"काकू, डायरी ठेवा आत," आत्या म्हणाली. "मालकाचीच चोरी चारचौघांत सांगतो, तो गडी मला चालेल. बाकीच्या डॉक्टरांनाही मी हेच सांगणार आहे, दाढेसकट. आण तो मोबाईल इकडे."

तिने मोजे काढून एका बोटाने सावकाश मेसेज लिहिला आणि मोबाईल त्याच्यासमोर धरला.

"उजवीकडचीही किडली आहे. पुढच्या आठवड्याची वेळ नोंदव. ही वेळ माझ्याशिवाय कोणाला हलवता येता कामा नये. आत्या."

खाली गड्याचं उत्तर होतं, "मालकाने हो म्हटल्यावर करतो."

टिल्लूने उजव्या गालावर हात ठेवला. आत्याने दुसरा हात पुढे केला होता. तो एका हाताने धरून त्याने दुसऱ्या हाताने लिहिलं, "हो."