फारच स्वच्छ

"पप्पा, तुम्ही परत खड्ड्यात लांबी भरली!"

"नाय भरली."

"मग दारावरचा खड्डा कुठं गेला?"

मोतीरामने स्क्रीनकडे पाहिलं. खड्डा खरंच गेला होता. सकाळी मेघाने स्वतः स्क्रीनवरच्या टेम्पोच्या दारावर तो करून दिला होता, कडेच्या गंजासकट, आणि असेच आणखी करून ठेवा असं सांगून ती ऑफिसला गेली होती. संध्याकाळी येऊन बघते तर टेम्पो असा चमकत होता की लिंबू-मिरची बांधायचीच काय ती बाकी.

"हा टेम्पो जग बुडाल्यानंतरचा आहे, पप्पा. माणसं संपलीत. गेममध्ये हीरो याच्यामागं लपतो."

"माणसं संपली म्हणून गाडी सडू द्यायची? एक तर माणूस उरला ना."

"तो हीरो आहे. त्याच्याकडं बंदूक आहे, पॉलिश पेपर नाही."

मोतीराम पंचवीसेक वर्षं कारभारीशेठच्या गॅरेजात पेंटर होता. शेठची शेंद्र्याची जमीन एमआयडीसीत गेली आणि तिच्या पैशातून जालना रोडवर गॅरेज झालं. तिथे ठोकलेल्या गाड्या यायच्या आणि मोतीरामच्या हाताखालून कालच जन्मल्यासारख्या बाहेर पडायच्या. मग थिनर छातीत बसलं. घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, रंगाची गन पुन्हा हातात धरायची नाही. शेठनेही सांगितलं, "मोतीराम, तू खोकलास की गिऱ्हाईक गाडी सोडून तुझ्याकडंच बघतंय." निरोपाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळात शेठचा फोटो होता. काटे त्यांच्या नाकातून निघायचे. बायकोने, केसरबाईने, ते भिंतीकडे तोंड करून टांगलं. घरात वेळ ऐकू यायची, दिसायची नाही.

मेघा चिकलठाण्याला एका स्टुडिओत होती. तिथे गेममधल्या वस्तू कॉम्प्युटरवर बनायच्या. आधी नुसता आकार, मग त्यावर रंग, ओरखडे, गंज. रंग कळणारा माणूस हवा असं साहेब म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, आमच्या घरी आहे, रिकामाच बसलाय. साहेबाने चाचणी म्हणून हा टेम्पो दिला. दोनदा तो परत आला. दोन्ही वेळा शेरा एकच, "फारच स्वच्छ." सोमवारी शेवटची संधी होती. त्यानंतर काम दुसऱ्याला.

उभ्या आयुष्यात मोतीरामच्या कामाला हा शेरा तक्रार म्हणून कुणी दिला नव्हता.

"गंज माझा दुश्मन हाये!" त्याच्या छातीचा भाता सुरू झाला. "दुश्मनाची रांगोळी काढू का म्या?"

"काढा की," आतून केसरबाई म्हणाली. "नाय तर वॉचमन व्हा. खुर्ची भेटती."

मेघाने पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. खाली पत्रा, त्यावर प्रायमर, त्यावर रंग. आता वरून उडवत यायचं. हात लागतो तिथला रंग आधी जातो, पाय पडतो तिथला त्यानंतर, आणि पाणी साचतं तिथून गंज उतरतो. मोतीरामला हे पाठ होतं. पण हात ऐकत नव्हता. गंजावर कॉम्प्युटरचं पेन टेकलं की गंज पुसलाच जायचा. शेवटी चिडून त्याने पेन असं दाबलं की टपावर भलामोठा डाग पडला.

"हा मस्त आलाय!" मेघा ओरडली.

मोतीरामने रागाने तोही पुसला.

रविवारी दुपारी दारात जीप येऊन थांबली. बाटलीसारखी हिरवी, कारभारीशेठच्या आजोबांची. दसऱ्याला ती हार घालून मिरवणुकीत पुढे असायची, आणि त्याआधी दर वर्षी मोतीराम तिला रंगवायचा. दसरा आठवड्यावर आला होता.

"घर सापडंना राव तुझं!" शेठ उतरले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच आले होते.

"जय भीम, शेठ."

"हां, हां. हे बघ, पोरांना हा हिरवा लागंना. रंग जुळवायचं मशीन घेतलंय, मशीनलाबी लागंना. तूच कालवायचास. इथंच अंगणात मार, कंप्रेसर पाठवतो."

"डॉक्टर नाय म्हणलेत."

"एका जीपनं काय होतंय? तोंडाला फडकं बांध. आणि दसऱ्यानंतर ये कामावर. वॉचमन. बसून खोकायचंय नुस्तं."

मोतीराम जीपच्या दाराशी उकिडवा बसला. खालच्या कडेला रंग फोडासारखा फुगला होता. गेल्या दसऱ्याला तो म्हणाला होता, खालचं सगळं खरवडून प्रायमर देऊ. शेठ म्हणाले होते, वरून मार, मिरवणुकीत खाली कोण वाकून बघतंय?

आता मोतीराम वाकून बघत होता. मधे काळपट, भोवती विटकरी, कडेला हळदीसारखा पिवळा, आणि पावसाच्या वाटेने खाली गेलेले ओघळ. त्याच्या अंगठ्याने आपोआप कड खरवडली. टवका खाली पडला.

"मेघा! फोन आण!"

"हां, काढ फोटो," शेठ खूश झाले. "आधीचा-नंतरचा लावू गॅरेजात."

मोतीरामने पायरीचे फोटो काढले, बिजागरीचे काढले, पालथं पडून जीपच्या पोटाचेही काढले. मधेच म्हणाला, "सरका जरा शेठ, सावली पडायलीय." शेठ सरकले.

मग फोन मेघाकडे देऊन तो उठला. "लई चांगला गंज हाये. याला कुणाचा हात लागू देऊ नका."

"म्हंजे? रंग कधी मारतो?"

"मारत नसतो."

"माजलास का रे?"

"व्हय." खोकला आला. एरवी तो तोंड फिरवायचा. आज त्याने खोकला शेठच्या समोरच पुरा होऊ दिला. "खाली कोण बघतंय म्हणलात ना? म्या बघितलं. चाळणी झालीय. वरून मारलं तर दिवाळीला परत फुटंल. तुमच्या आज्याची जीप तुमीच सडवली, शेठ. मला का सडवायलात? खोकायला दुसरा बघा."

शेठ जीपमध्ये बसले. केसरबाई पदर खोचून बाहेर आली आणि तिने शेजारच्या सीटवर घड्याळ ठेवलं, तोंड सीटकडे करून.

"हे राहिलं व्हतं," ती म्हणाली.

जीप गेल्यावर मोतीरामने टवका उचलला आणि गंजाची बाजू वर करून स्क्रीनशेजारी ठेवला. पेन घेतलं. या वेळी हात पुसायला गेला नाही. दाराच्या कडेवर त्याने 'एका जीपनं काय होतंय' आठवत रंग ओरबाडला. पायरीवर 'बसून खोकायचंय नुस्तं'. टपावरचा डाग परत आला, आधीपेक्षा मोठा. मेघा मागे उभी होती. तिला काही शिकवायची हिंमत झाली नाही.

सोमवारी संध्याकाळी ती गाडी लावायच्या आधीच ओरडत आली. "पास! पप्पा, पास! पुढची शाळेची बस आहे. पडीक, काचा फुटलेली."

मोतीरामने मान हलवली. शेजारचा टवका उचलून उलटा केला. त्या बाजूला त्याचा हिरवा होता, गेल्या दसऱ्याचा. अजून इतका नितळ की ट्यूबलाइट त्यात सरळ दिसत होती. त्याने त्यावर तोंडाची वाफ सोडली, बनियनच्या कडेने पुसला आणि तसाच, हिरवा वर ठेवून, जागेवर ठेवला.

"बसचा रंग कोणता व्हता?"

"पडीक आहे, पप्पा. सगळी गंजलेली. काय फरक पडतो?"

"आधी नीट रंगवू दे," मोतीराम म्हणाला. "मग गंज चढवू."