खर्जाच्या दोन पेट्या

बाबांच्या पेट्या न्यायला माणूस येणार म्हणून मुलाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. आई मुद्दामच मावशीकडे निघून गेली. पेट्या जाताना बघवणार नाही, म्हणाली.

पेट्या म्हणजे गुडघ्याच्या वर येणारी दोन लाकडी धुडं. प्रत्येकीत ताटाएवढा कागदी पडदा. बाबांनी जन्मभर रेडिओ आणि स्पीकर दुरुस्त केले, आणि लग्नाच्या वर्षी जाड प्लायवूड स्वतः कापून ह्या दोघी बनवल्या. गाण्यातला खालचा, खर्जातला आवाज तेवढा काढायचा, एवढंच ह्यांचं काम. दुकान बंद झाल्यावर एकीवर आईच्या कुंड्या आल्या, दुसरीवर इस्त्री. मुलाला त्यांच्याबद्दल ह्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. पोराने ह्या धंद्यात पडू नये म्हणून बाबांनीच त्याला दुकानाची पायरी चढू दिली नव्हती. तो कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत चिकटला आणि तिथेच राहिला.

वर्षभरापूर्वी बाबांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. पेन हातात दिलं तर डाव्या हाताने नुसत्या रेघा ओढायचे. दिवसभर लोकांच्या तोंडाचे साचे भरणाऱ्या मुलाला बापाच्या तोंडून एक शब्द काढता येईना.

मन रमेल असं काहीतरी करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुलाने होम थिएटरचा सेट आणला, पाच बारके स्पीकर आणि खर्जासाठी एक चकचकीत डबा. बाबांच्या पलंगासमोर सगळं मांडून सिनेमा लावला. बाबांनी त्या डब्याकडे दुसऱ्या मेकॅनिकने केलेली दुरुस्ती बघावी तसं बघितलं. मग डावा हात उचलून आपल्या पेट्यांकडे दाखवला.

मुलाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कित्येक दिवसांत बाबांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. त्याने कुंड्या हलवल्या, धूळ पुसली, सेटच्या मागे खर्जाच्या डब्यासाठी असलेल्या भोकात पेट्यांच्या वायरी नीट बसवल्या. आवाज चढवला. पेट्या ढिम्म. वायरी बदलून पाहिल्या, आवाज शेवटपर्यंत नेला, तरी काही नाही. मग तो बाबांच्या उशाशी बसला आणि होईल तेवढ्या हळुवारपणे म्हणाला, "बाबा, गेल्या तुमच्या पेट्या. वय झालं त्यांचं."

बाबांनी मान हलवली. नाही. पुन्हा नाही. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि मुलाला वाटलं, वाईट वाटलं असणार.

दुसऱ्या दिवसापासून ते रिमोटच्या मागे लागले. दाताने झाकण उचकटायचं, आतला सेल काढायचा आणि मूठ मिटून बसायचं. मुलगा कामावरून आला की सेल त्याच्या तळव्यावर ठेवायचे आणि त्याची बोटं त्यावर एकेक करून मिटवायचे. मुलगा सेल परत रिमोटमध्ये घालायचा. घरी येणाऱ्या नर्सने सांगितलं, असे पेशंट काहीही गिळतात, जपा. आईने धसकाच घेतला. एकदा तर तिने त्यांच्या मुठीतून बोट बोट उघडून सेल काढून घेतला आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडली. मुलगाही एका संध्याकाळी वैतागला. "बाबा, लहान आहात का आता?" असं बोलून गेला. आईने जखमेला लावायची चिकटपट्टी रिमोटला तीन वेढे गुंडाळली.

त्यानंतर बाबांनी रिमोटला हात लावला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. तिसऱ्या आठवड्यात गेले.

पेट्या न्यायला आलेला माणूस जुन्या स्पीकरांचा व्यापारी होता, गोल पोटाचा, बोलघेवडा. ह्या धंद्यात सगळे त्याला खर्जशेठ म्हणतात असं त्याने आल्या आल्या स्वतःच सांगून टाकलं. त्याने पेट्यांवर टिचकी मारली, सांधे चाचपले आणि असं काम आता कोण करतं म्हणून हळहळला. मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं, की चालत नाहीत, लाकडाच्या भावात घ्या.

"कुणी सांगितलं चालत नाहीत?" खर्जशेठ म्हणाला. "घरात एखादा सेल आहे? रिमोटमधला चालेल."

मुलगा जागच्या जागी उभा राहिला. टेबलावर रिमोट होता, तो खर्जशेठनेच उचलला. एवढी पट्टी कशाला गुंडाळलीय, असं पुटपुटत नखाने सोलून काढली, सेल घेतला, आणि पहिल्या पेटीच्या वायरीची दोन टोकं त्याच्या दोन्ही अंगांना टेकवली.

धप्.

पडदा पुढे सरकून मागे आला. दुसरी पेटी. धप्.

ठणठणीत आहेत, खर्जशेठ म्हणाला. ह्यांच्यात स्वतःची ताकद नसते, वेगळा अँप्लिफायर लागतो. नव्या सेटच्या त्या भोकातून नुसता इशारा येतो, जोर येत नाही. तिथे लावल्या असतील, म्हणून गप्प राहिल्या. "कुठलाही जुना मेकॅनिक आधी सेल टेकवून बघतो. तुमच्या वडिलांनी नाही सांगितलं कधी?"

"सांगितलं होतं," मुलगा म्हणाला. "रोज सांगत होते."

पेट्या द्यायच्या नाहीत, एवढंच तो पुढे बोलू शकला. खर्जशेठने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि घासाघीस न करता चप्पल घातली.

आई परतली तेव्हा मुलगा दोन पेट्यांच्या मधे जमिनीवर बसला होता. तिने आधी पेट्या बघितल्या, मग टेबलावरचा उघडा रिमोट.

"पट्टी कुणी काढली?"

मुलाच्या ओठांवर सगळं आलं होतं. मग त्याला तिची बोटं आठवली, बाबांची मूठ एकेक बोट करून उघडणारी. जे ओझं आत्ता त्याच्या छातीवर बसलं होतं, ते ह्या वयात तिला पेलवलं नसतं.

"सेल बदलायचे होते," तो म्हणाला.

"आणि पेट्या?"

"गेलेल्या आहेत म्हणाला. नको त्याला."

आईने सुस्कारा टाकला. तरी मी म्हणत होतेच, असं काहीसं बोलत तिने कुंड्या उचलून पुन्हा पेटीवर ठेवल्या.

मुलाने अँप्लिफायर आणला नाही. आई भाजी आणायला खाली उतरली, की तो खिशातला सेल काढतो, कुंड्या हलू नयेत म्हणून एका हाताने धरतो आणि वायरीची टोकं टेकवतो. पेटी धप् म्हणते. हो बाबा, तो म्हणतो, कळलं. आणि जिन्यात आईची पावलं वाजायच्या आत सेल खिशात टाकतो.