तिसरा प्रश्न

वकीलबाईंनी कोर्ट सोडलं तेव्हा फौजदारी बचावाचं काम करत त्यांना अठ्ठावीस वर्षं झाली होती. सोडायचं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. एका चोरीच्या खटल्यात त्या उलटतपासाला उठल्या, कागद हातात घेतले, साक्षीदाराकडे पाहिलं आणि त्यांना त्याला काही विचारावंसंच वाटेना. प्रश्न तयार होते, ओळीने लिहून ठेवलेले. तरी "काही विचारायचं नाही" एवढं म्हणून त्या खाली बसल्या. खटल्यात मुळात दम नव्हता म्हणून आरोपी सुटला. पण त्याच आठवड्यात बाईंनी सगळ्या फायली उचलून आपल्या ज्युनिअरच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

या ज्युनिअरला सगळे टाचणी म्हणत. कागदांना स्टेपल मारलेलं त्याला खपत नसे, आणि अंगकाठीही तशीच. अकरा वर्षं तो बाईंच्या हाताखाली होता. त्याने ढिगाकडे पाहिलं.

"मॅडम, किती दिवसांसाठी?"

"कायमच्या."

"बरं," म्हणाला आणि त्याने खुर्ची मागे सरकवून फायलींना जागा केली. निरोपाचं भाषण वगैरे झालं नाही.

घरी बाई दोन महिने नुसत्या बसून होत्या. नवरा नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. रोज सकाळी पेपरातल्या कोर्टाच्या बातम्यांवर बाई करवादायच्या ते ऐकून एक दिवस तो म्हणाला, "अगं, इतकं डोकं उठतंय तर लिहून काढ ना. माझे कान तरी सुटतील."

भाचीने ब्लॉग उघडून दिला. जामीन म्हणजे सुटका नव्हे, आरोपी गप्प बसला म्हणजे त्याने कबुली दिली असं नव्हे, असलं साधं साधं बाई लिहू लागल्या. पहिल्या महिन्यात सतरा वाचक होते आणि त्यांतले निम्मे नातेवाईक. मग एका गाजलेल्या निकालावरचा त्यांचा लेख कुणीतरी पुढे पाठवला आणि वाचक हजारांत गेले. वाहिन्यांवरून बोलावणी येऊ लागली. पडद्यावरच्या सहा चौकटींपैकी एकीत बाई दिसायच्या. निवेदक म्हणायचा, "मॅडम, अर्ध्या मिनिटात सांगा, हा माणूस सुटणार का?" त्या सांगायच्या. चुकलं तरी दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात नसायचं. कोर्टात असं कधी झालं नव्हतं. तिथे चुकलं की समोरचा माणूस आत जायचा. आता ते ओझं उतरलं होतं, तरी संध्याकाळी जिना चढताना पाय तेवढेच जड असायचे.

तिसऱ्या वर्षी तो जिन्याचा खटला आला. एका म्हाताऱ्या माणसाला सांभाळायला ठेवलेला नोकर, वय चाळीसच्या आसपास. म्हातारा जिन्यावरून पडून गेला आणि नोकरानेच ढकललं असा आरोप झाला. समोरच्या दारातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईने साक्ष दिली, की धपकन आवाज झाला, मी दार उघडलं, हा वरच्या पायरीवर उभा होता. आरोपीचा वकील होता टाचणी. त्याने तिला दोनच प्रश्न विचारले: जिन्यावर उजेड किती होता, आणि चष्मा डोळ्यांवर होता का. मग तो खाली बसला.

पेपरात ते वाचून बाई हसल्या. त्यांनी लेख लिहिला, नाव दिलं 'तिसरा प्रश्न'. ढकलताना पाहिलंत का, हे साक्षीदाराला विचारायला नको होतं का? ती "नाही" म्हणाली असती आणि खटला तिथेच लंगडा झाला असता. वकिलाचं नाव त्यांनी घातलं नाही, पण ते सगळ्यांना ठाऊक होतं. लेख तुफान वाचला गेला.

दुपारी टाचणीचा फोन आला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"मॅडम, तो लेख काढून टाकाल का?"

"का रे? काही चुकीचं लिहिलंय?"

"सांगता येत नाही."

"सांगता येत नाही, मग काढू कशाच्या जोरावर? राग आलाय का?"

"नाही मॅडम. असू द्या," म्हणून त्याने फोन ठेवला.

बाईंनी नवऱ्याला सांगितलं, "टाचणी रुसलाय." नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं. "तो रुसणाऱ्यांतला नाही," म्हणाला आणि पुन्हा वाचायला लागला.

त्यानंतर जे झालं ते बाईंना पेपरातूनच कळलं. आरोपीच्या बहिणीने वकील बदलला. नव्या वकिलाने अर्ज करून शिवणकामवालीला पुन्हा बोलावलं आणि तिसरा प्रश्न विचारला.

ती म्हणाली, "ढकलताना नाही बघितलं. पण आवाजाच्या आधी आजोबा ओरडले होते, सोड मला, सोड म्हणून."

"हे पोलिसांना का नाही सांगितलं?"

"त्यांनी विचारलंच नाही."

सात वर्षांची शिक्षा झाली.

बाईंनी ती बातमी उभ्यानेच वाचली. मग त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. सांगता येत नाही. अठ्ठावीस वर्षांत हेच शब्द त्यांनी स्वतः किती जणांना ऐकवले होते. वकील असं म्हणतो तेव्हा अशिलाने त्याला काहीतरी सांगितलेलं असतं आणि ते त्याच्या तोंडून बाहेर पडता कामा नये. हे त्यांनीच टाचणीला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. त्याने फोनवर जितकं सांगता येण्यासारखं होतं तितकं सांगितलं होतं, आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

चार दिवसांनी आरोपीची बहीण पत्ता शोधत घरी आली. हातात लेखाची छापील प्रत, घडीवर फाटलेली. ती भांडायला आली नव्हती, हे जास्त वाईट होतं.

"तुम्ही लिहिलं होतं तसंच केलं आम्ही," ती म्हणाली. "आता पुढे काय करायचं तेवढं सांगा."

बाईंनी तिला पाणी दिलं. "ताई, माझं चुकलं. पहिल्या वकिलाने गप्प बसून तुमच्या भावाला वाचवत आणलं होतं. परत त्याच्याकडेच जा."

"मी त्यांना नाही नाही ते बोलले होते. ते घेतील?"

"मी येते बरोबर."

टाचणीच्या ऑफिसात खुर्च्या दोनच होत्या. बाई दाराशी उभ्या राहिल्या, तेव्हा तो लगबगीने उठला. तो थकलेला दिसत होता, कानांवरचे केस पांढरे झालेले. बहिणीचं ऐकून घेऊन त्याने वकीलपत्र पुढे केलं आणि सही कुठे करायची ते दाखवलं. ती गेल्यावर बाई म्हणाल्या, "लेख काढून टाकते आज."

"आता काढून काय? ठेवा. खाली लिहा, लेख चुकला म्हणून."

"तू मला त्या दिवशी जरा तरी—"

"कसं सांगणार, मॅडम?" तो आवाज न चढवता म्हणाला. "आता साक्षीत आलंच आहे, म्हणून बोलतो. त्याने मला आधीच सांगितलं होतं, की म्हातारा एकटाच बाहेर निघाला, म्हणून मी मनगट धरलं. तो सोड सोड ओरडला, हिसका दिला आणि गेला खाली. शिवणकामवालीने ते ऐकलं असणार, हे मला माहीत होतं. म्हणून बसलो खाली."

बाईंनी त्या संध्याकाळी लेखाखाली चार ओळी लिहिल्या. लोकांनी त्यांच्या प्रामाणिकपणाची इतकी वाहवा केली, की त्यांनी प्रतिक्रिया बंद करून टाकल्या. वाहिनीवाल्याने 'चुकीची कबुली' या विषयावर बोलायला बोलावलं. त्यांनी नकार दिला, आणि पुढच्याही वेळी दिला.

मग आठवड्यातून तीन दिवस त्या टाचणीच्या ऑफिसात बसून खटल्याचे कागद वाचू लागल्या. डॉक्टरच्या अहवालात, दहाव्या पानावर, मृताच्या मनगटावर बोटांचे वळ असल्याची नोंद होती. कुणीच त्या नोंदीकडे पाहिलं नव्हतं. अपिलात टाचणीने तेवढंच धरून ठेवलं: ढकलणाऱ्याला कुणी सोड म्हणत नाही, धरणाऱ्याला म्हणतं. एकोणीस महिन्यांनी अपील मंजूर झालं आणि तो नोकर सुटला.

बाई त्याला भेटायला गेल्या. खोलीत बहीण कपड्यांच्या घड्या घालत होती, तो भिंतीला टेकून बसला होता.

"या त्या वकीलबाई," बहीण म्हणाली. "लिहितात ना, त्या."

"मी नाही वाचलं काही," तो म्हणाला.

बाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं, काय लिहिलं होतं, का लिहिलं होतं, आणि टाचणीचा फोन आला तेव्हा आपण काय बोललो तेही. काही गाळलं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"नव्या वकिलाने मला विचारलं होतं, बोलवायचं का तिला पुन्हा म्हणून," तो म्हणाला. "मीच हो म्हटलं. मलाही वाटलं, विचारू दे एकदाचं."

मग त्याने शेजारच्या स्टुलावरचे कपडे उचलून मांडीवर घेतले. "बसा," म्हणाला.

बाई बसल्या.