छोट्या कुटुंबासाठी उत्तम

शनिवारी दुपारपर्यंत बारकीला खोली रिकामी करायची होती आणि आज गुरुवार उजाडला होता. बारकी म्हणजे माझी भाची. वय एकतीस, हॉस्पिटलात नर्स, धिप्पाड पेशंटला एका हाताने कुशीवर वळवते. पण आमच्यात अजून बारकीच. दीड महिन्यात तिने अकरा घरं पाहिली होती. कुठे एकटी मुलगी नको, कुठे रात्रपाळीवाली नको. एकाने तर दार अर्धंच उघडून विचारलं, "मिस्टर कुठायत?"

"अजून सापडले नाहीत," ही म्हणाली. मग कसलं मिळतंय घर!

आणि मी, तिची सख्खी मावशी, अठरा वर्षं एका एजंटच्या ऑफिसात घरांच्या जाहिराती लिहिते. यावरून ताई मला फोनवर काय काय ऐकवते, ते विचारू नका.

आमच्या ऑफिसचे नियम दोन. जाहिरात छापून येईपर्यंत आपल्या नात्यातल्या कुणाला घर सांगायचं नाही; त्यांनी सगळ्यांसारखं पेपरातलं आमचं जाहिरातींचं पान बघून फोन करायचा. हा जुना. दुसरा नवा, एका तक्रारीपायी साहेबांना बरेच हेलपाटे पडले, त्यानंतरचा: जाहिरातीत घराचं लिहायचं, माणसाचं नाही. जात, धर्म, लग्न, मुलंबाळं, एक अक्षर नाही. हा नियम मला मनापासून पटला होता. घरमालक 'अमके नकोत, तमके नकोत' सांगत, मी मान डोलवत ऐकून घेई आणि लिहिताना खुशाल गाळून टाकी. त्याचा थोडा तोराही होता मला, खोटं कशाला बोला.

त्या दिवशी मात्र बूड खुर्चीला टिकेना. उठले, पाणी प्यायले, बसले. फोन पालथा ठेवला, उताणा केला. सोमवारच्या पानावर हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवरचं घर होतं, दोन खोल्यांचं. बारकीला मी एवढंच म्हटलं होतं, "सोमवारचं पान बघ हं." आज चौथा दिवस, आणि पोरगी गप्प. शेवटी मीच फोन लावला.

"पान पाहिलंस का?"

"पाहिलं की."

"मग? हॉस्पिटलजवळचं?"

"ते? तिथे नाही केला फोन."

"का गं बाई?"

"मावशी, छोट्या कुटुंबासाठी उत्तम, असं लिहिलंय त्यात. मी कुठाय कुटुंब? अकरा वेळा तोंडावर ऐकलं, बाराव्यांदा स्वतःच्या पैशाने फोन करून ऐकू?"

ती जाहिरात माझी होती. त्या घराची मालकीण, एक रिटायर्ड शिक्षिका, कोण हवं कोण नको याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. दोन खोल्या म्हटल्या की माझा हात आपोआप ते वाक्य लिहीत होता, अठरा वर्षं. लोकांचं 'नको' मी खोडत बसले होते आणि माझं, साखरेत घोळलेलं, तसंच छापून येत होतं.

"आत्ताच्या आत्ता फोन कर त्यांना," मी म्हटलं.

दहा मिनिटं मी स्टेपलरशी खेळत बसले. टेबलावर पिनांचा सडा.

"गेलं," बारकीचा आवाज आला. "काल संध्याकाळीच एका जोडप्याला दिलं. मावशी, त्या म्हणाल्या, तुम्ही आधी का नाही हो विचारलंत?"

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "आपल्या जाहिरातींत चूक आहे."

"कुणी तक्रार केली?" ते दचकलेच.

"मी. माझ्याविरुद्ध."

चालू जाहिराती त्रेसष्ट. सगळ्या तपासायला काढल्या. 'छोट्या कुटुंबासाठी' एकोणीस ठिकाणी. शिवाय 'नवविवाहितांना आवडेल', 'सुसंस्कृत वस्ती', 'घरगुती वातावरण'. गुरुवार आणि शुक्रवार खोडण्यात गेले. खोडलं की जागा रिकामी राही. मग घरमालकांना फोन करून विचारी, ऊन कुठल्या खोलीत येतं, जिना किती पायऱ्यांचा, नळाला पाणी किती वेळ. "ही माहिती अठरा वर्षांत कधी मागितली नाहीत," एक जुने घरमालक म्हणाले. बरोबर होतं त्यांचं.

शनिवारी दुपारी बारकी दोन बॅगा आणि एक पंखा घेऊन माझ्याकडे आली. आमच्या घरापासून हॉस्पिटलला दोन बस बदलाव्या लागतात, आणि मधल्या खोलीत झोपायचं तर तिच्या काकांच्या घोरण्याला तोंड द्यावं लागतं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो न घेता ताजं पान उचललं आणि बॅगेवरच बसकण मारली.

"तिसरा मजला, एक खोली, गॅलरीत सकाळचं ऊन, जिना बेचाळीस पायऱ्यांचा," तिने वाचलं. मग पान उलटून पाहिलं. "एवढंच? आणि कोण चालेल?"

"ते नाही लिहिलेलं."

"म्हणजे तोंडावर सांगणार."

"सांगतीलही. मला माहीत नाही, बारके."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावलीय की काय, कळेना. मग तिने फोन काढला, नंबर दाबला आणि स्पीकर लावून माझ्या मांडीवर ठेवला. पहिली रिंग वाजली. दुसरी. ग्लास अजून माझ्याच हातात होता.

"हॅलो," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"नमस्कार," बारकी म्हणाली, "मी एकटीच आहे, आणि रात्रपाळी असते मला. घर बघायला कधी येऊ?"