वाटणीचं पातेलं

राजेश्रीला राग सोडता येत नसे. लोक म्हणत, सोडून दे बाई. ती म्हणे, का म्हणून सोडू? आणि खरंच, का म्हणून सोडायचा?

परभणीत शंतनुच्या फोटो स्टुडिओत ती बायकांना जुन्या सिनेमातल्या नट्यांसारखं सजवायची. फुग्याच्या बाह्यांचं पोलकं, केसांत भर घालून उंच अंबाडा, डोळ्यांच्या कडेला ओढलेलं काजळ, मग एका बाजूने झोत आणि काळापांढरा फोटो. ताडकळस, पूर्णा, कुठकुठल्या बायका हौसेने यायच्या. रीत अशी, की कपडे आधी पाठवायचे. जुन्या रेशमाला इस्त्रीचा भरवसा नाही, म्हणून राजेश्री पातेल्यात पाणी उकळून वाफेवर घड्या सोडवायची.

त्या पातेल्याचं ऐकाच. आईची वांगी रंगाची रेशमी साडी राजेश्रीला मिळायची होती. आईनेच सगळ्यांदेखत तसं सांगून ठेवलं होतं. आई गेली, तेरावं झालं, राजेश्री साडी मागायला गेली, तर वहिनीने, निकिताने, हातात स्टीलचं पातेलं ठेवलं. "ताई, ते जुनं लुगडं बोहारणीला देऊन टाकलं. हे आलं त्यावर. तुमच्या वाटणीचं, न्या." भाऊ महारुद्र शेजारीच सुपारी कातरत बसला होता. तो म्हणाला, "जाऊ दे राजे. एका लुगड्यापायी काय तोंड वाकडं करायलीस?" राजेश्री पातेलं घेऊन राणीसावरगावातून निघाली, ती पुन्हा माहेरी गेलीच नाही. पातेलं मात्र जपलं. रोज शेगडीवर चढवायची आणि रोज वहिनीच्या नावाने दोन शिव्या हासडायची.

आणि यंदा राणीसावरगावाहून एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलेली एक पिशवी स्टुडिओत आली. लग्नाचा वाढदिवस, नवराबायकोचा मोठा फोटो, बैठकीत लावायला. नाव निकिता. मोबाइलवरच्या जाहिरातीत फक्त शंतनुचं नाव होतं, सजवणारीचं कुठेच नाही. तिला कुठून कळणार? राजेश्रीने पिशवी उघडली आणि घडी उलगडली. तीच साडी. पदरावर दिवाळीत फुलबाजीच्या ठिणगीने पडलेलं भोक, त्यावर आईने केलेलं रफू, जरा जास्तच गडद धाग्याचं. महारुद्रला लुगडी कुठली ओळखू येतात, वहिनीने तेच धरलं असणार.

आधी वाटलं, कात्रीच घालावी. कात्री उचललीसुद्धा. पण चिरली असती ती आईची साडी, निकिताचं काय जाणार होतं? राजेश्रीने कात्री ठेवली, पाणी उकळायला ठेवलं आणि एकेक घडी सोडवत बसली. "थांब, दाखवतेच तुला," ती पुटपुटली.

ठरल्या दिवशी दोघं आली. राजेश्रीला पाहताच निकिताचा चेहरा खर्रकन उतरला. महारुद्र मात्र खूश. "अगं, तू हितं हायस व्हय?" म्हणत तो ढगळ सूट घालून दिव्यांखाली जाऊन बसला.

पडद्यामागे निकिताने हळूच विचारलं, "ताई, पिशवी तुमीच उघडली का?"

राजेश्रीने कंगवा उचलला. अंबाडा घातला, कपाळावर बट वळवली, काजळ ओढलं. जीव ओतून सजवलं, खोटं कशाला बोला. निकिता आजवर इतकी देखणी दिसली नव्हती.

"आता साडी?" निकिता म्हणाली.

राजेश्रीने राखेने घासून लख्ख केलेलं पातेलं तिच्या मांडीवर ठेवलं आणि पडद्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वैनी, बोहारीण आली होती. जुनं लुगडं, वर रफू केलेलं. देऊन टाकलं. हे आलं त्यावर."

निकिताला भान राहिलं नाही. "सासूबाईची साडी देऊन टाकली? अवो, इतकी वर्षं जपून ठेवली होती मी ती."

पलीकडे खुर्ची सरकली. महारुद्रचा आवाज आला. "आईची साडी? ती तर तूच बोहारणीला दिली होती न्हवं?"

निकिताचं काजळ गालावर ओघळायला लागलं. राजेश्रीने ते पुसलं नाही. तिला लय बरं वाटलं, त्यात लपवायचं काय?

महारुद्र पडद्याशी आला. "राजे, चुकलं माझं. कोण बोहारीण ते सांग. मी हुडकून आणतो साडी."

"जाऊ दे दादा," ती म्हणाली. "एका लुगड्यापायी काय तोंड वाकडं करायलास?"

फोटो निघालाच नाही. महारुद्र पुढे, निकिता पातेलं घेऊन मागे, अशी दोघं न बोलता बसस्टँडकडे गेली.

मग राजेश्रीने कपाट उघडलं. वांगी साडी काढली, नेसली आणि निकितासाठी मांडलेल्या खुर्चीत जाऊन बसली.

"शंतनु, झोत पदरावर पाड. रफू स्पष्ट दिसलं पाहिजे," ती म्हणाली. "आणि फोटो मोठा कर. राणीसावरगावच्या एसटीने पाठवायचाय. बैठकीतली भिंत रिकामी हाय."