खिडक्या दाखवणाऱ्या ताई

संस्थेकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं, हेच ताईंचं दुखणं. शाळा चालवणारा वर्ग दाखवतो, दवाखाना चालवणारा खाटा दाखवतो. ताईंची माणसं एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन गप्पा मारत बसायची. त्यात दाखवणार काय, कपाळ? शिवाय देणगीदाराला कुणाच्या घरात न्यायचं नाही, हा नियम ताईंचाच. माणसं म्हणजे काय प्रदर्शन आहे?

पण यंदा देणगी मिळाली नाही तर संस्थेला टाळं लागणार होतं. टाळं लावायलाही दार नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

म्हणून त्या संध्याकाळी ताई एका कारखानदार साहेबांच्या गाडीत, त्यांच्या बायकोशेजारी बसल्या आणि रस्त्यावरूनच खिडक्या दाखवू लागल्या. नाव नाही, गाव नाही.

"ती हिरव्या पडद्याची. तिथल्या आजोबांना पत्त्यांत हरलेलं खपत नाही. आमचे मास्तर मुद्दाम हरतात."

"आणि ती कोपऱ्यावरची?" साहेबांच्या बायकोने विचारलं.

"तिथल्या आजी दर वेळी तीच गोष्ट सांगतात. आमची मुलगी दर वेळी विचारते, मग काय झालं?"

साहेबांनी जांभई दिली. "एखादी इमारत असती ना ताई, तर पाटीवर नाव तरी लागलं असतं."

बायको मात्र काचेला नाक लावून बघत होती. गाडी आणखी एका गल्लीत वळली. "अगंबाई, त्या घरात अंधारच! तिथं कोण असतं?"

ती खिडकी ताईंचीच होती. नवरा गेल्यापासून त्या घरी पोचेपर्यंत तिथे दिवा लागत नसे. खरं सांगून मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलं, पण धीर झाला नाही.

"एक बाई राहते," त्या म्हणाल्या. "दिवसभर माणसांत असते. घरी आली की बोलायला भिंती."

"तिच्याकडे कोण जातं?"

"अजून कुणी नाही."

मग ताई पुढच्या चौकात उतरल्या आणि गाडी दिसेनाशी झाल्यावर चालत मागे आल्या. फार एकटं वाटलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. "देणगी देतोय. अट एकच, तीही हिची. आधी त्या अंधाऱ्या घरी माणूस पाठवायचा."

ताईंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेरही आला. अट पाळली नसती तर कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. कुणाला कळणार नाही, हेच तर त्यांना आताशा सोसवत नव्हतं. दोन दिवस त्यांनी कळ काढली आणि मग मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, एक नवीन घर आहे. गुरुवारी जाल?"

"जातो की. पत्ता सांगा."

ताईंनी सांगितला. पलीकडे मास्तर एकेक शब्द पुटपुटत लिहून घेत होते, ते मध्येच थांबले.

"ताई, हा तर तुमचाच पत्ता."

"हो," ताई म्हणाल्या, आणि रडू फुटायच्या आत घाईघाईने पुढचं बोलून टाकलं, "पण माझ्याशी खेळताना मुद्दाम हरायचं नाही."